मालगाडीच्या वाघिणी: किट जोडणी, रंग आणि गंज

वाघीणवाला
मंडळी, रेल्वे मॉडेलचा विषय निघाला की सगळे इंजिनांवर बोलतात. डब्ल्यूडीएम-३ए कुठे मिळेल, आवाजाची चिप बसते का, दिवे कसे लावायचे. वाघिणींकडे, म्हणजे मालडब्यांकडे, कोणी ढुंकून बघत नाही. माझं उलटं आहे. धड चालणारं इंजिन एकच, आणि मागे जोडायला वाघिणी मात्र भरपूर. सगळ्या घरी जोडलेल्या. काही ब्रिटिश प्लॅस्टिक किट, म्हणजे ओओ मापाच्या, खऱ्याच्या १:७६. बाकीच्या आपल्या बॉक्सएन (भारतीय रेल्वेची उघडी वाघीण), एचओ मापात, १:८७, कोल्हापूरच्या उद्यमनगरात थ्रीडी प्रिंट करून घेतलेल्या. दोन्ही १६.५ मिमीच्याच रुळांवर पळतात, त्यामुळे भांडण नाही. (भांडण कोण काढणार ते मला माहीत आहे, तो येईलच खाली.)

व्यनितून (खासगी निरोपातून) काहींनी गंज कसा रंगवता असं विचारलं, म्हणून धागा काढतोय. पण आधी जोडणी. वाकडी वाघीण कितीही सुरेख गंजवली तरी पहिल्याच सांध्यावर (गाडी रूळ बदलते तिथे) रूळ सोडते.

जोडणीला सपाट काच घ्या. जुन्या कपाटाची, टीपॉयची, कुठलीही. लाकडी टेबल सपाट दिसतं, असत नाही. एक बाजू आणि एक टोक गुण्याला लावून काटकोनात चिकटवा, दुसरी जोडी तशीच, आणि हे दोन 'एल' वाळल्यावर एकमेकांना जोडा. चारही भिंती एकदम उभ्या करायला गेलात तर चौकोन हमखास तिरका होतो.

चिकटवायला: पॉलिस्टायरीनला फेविक्विक नको. चिकटतं, पण वरवर, आणि सांध्याशेजारी पांढरी वाफ धरते ती वेगळीच. प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करणारं पातळ सिमेंट घ्या, त्यात ॲसिटोन आणि ब्युटाइल ॲसिटेट असतं. भाग कोरडे जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फक्त सांध्याला टेकवायचं. केशाकर्षणाने द्रव आपोआप आत पळतो. आर्किटेक्टची ॲक्रिलिक मॉडेलं करणारे क्लोरोफॉर्म वापरतात, तेही चालतं म्हणून कोणीतरी सांगेलच. घरात, बंद खोलीत, पोरं असताना त्याच्या वाटेला जाऊ नका. पातळ सिमेंटसुद्धा खिडकी उघडी ठेवूनच. रेझिनच्या प्रिंटवर मात्र यातलं काहीच चालत नाही, कारण ते प्लॅस्टिक विरघळतच नाही. तिथे फेविक्विक नाहीतर अरल्डाइट.

चाकं शक्यतो धातूची. प्लॅस्टिकची चाकं रुळावरची घाण गोळा करत फिरतात. ओओच्या किटला २६ मिमीचा टोकदार अक्ष लागतो आणि दोन्ही बाजूंना त्याची टोकं फिरायला पितळी वाट्या. वाटी बसवायचं भोक हाताने फिरवायच्या ड्रिलने, हळूहळू खोल करत जा. वाघीण फुंकर मारल्यावर चालायला लागली पाहिजे.

आता गंज. माझं एकच म्हणणं आहे: ब्रश उचलण्याआधी ती वाघीण काय वाहते, किती जुनी आहे आणि पाणी कुठे साचतं हे ठरवा. यूट्यूबवर बघून सगळीकडे नारिंगी ठिपके मारत सुटलात तर ती वाघीण गंजलेली दिसत नाही, गोवर आलेली दिसते.

बॉक्सएनचं उदाहरण घ्या. उघडी वाघीण, कोळसा वाहते. कोळशात गंधक असतं, पावसाचं पाणी पडलं की तळाशी आम्लाचा राडा होतो आणि पत्रा आतून सडतो. म्हणजे आतली बाजू आधी, बाहेरची नंतर. बाहेर गंज दिसतो तो खालच्या कडेला, उभ्या पट्ट्यांच्या बुडाशी, दरवाजांच्या बिजागऱ्यांपाशी. भिंतीचा मधला भाग गंजत नाही, तो विटतो, धुळकट होतो आणि बाहेर फुगतो. वरच्या कडेला लोडर नाहीतर जेसीबी घासून रंग उडालेला असतो. ही चार ठिकाणं कळली की अर्धं काम झालं.

रंगांचं तपशीलवार नंतर लिहितो, आधी तुमचे प्रश्न येऊ द्या.

नाद_खुळा
जाळ अन् धूर संगटच! काका, फोटू टाका की. आणि मला सांगा, लाल गंजाची पावडर विकत कशाला घ्यायची? आमच्या तालमीत लाल माती पोत्यानं पडलीया. मी एक डबी भरून आणलोय पण.

रंगपेटी
वाचनखूण साठवली. चित्रकलेतून आलेय, रेल्वेतलं शून्य कळतं, पण रंगांवर बोलते.

@नाद_खुळा, भावा, आखाड्याच्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू काय काय घातलेलं असतं. पैलवानाच्या अंगाला ते बरं, वाघिणीला नाही. तेलामुळे भुकटीच्या गुठळ्या होतात आणि नंतर वार्निशातून डाग वर येतात. रानातली साधी कोरडी माती घे, उन्हात वाळव, खलात घोट आणि वस्त्रगाळ करून घे. नुसती चाळणी पुरत नाही. हिशोब कर: ०.१ मिमीचा कण १:८७ ला जवळपास ९ मिमीचा होतो. म्हणजे तू धूळ टाकत नाहीस, खडी टाकतोयस.

त्यापेक्षा सोपं म्हणजे सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या. ऑइल पेस्टल नव्हे, कोरडे. ब्लेडने खरवडले की वस्त्रगाळ भुकटी हातात. बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, एक करडा आणि काळ्यासाठी चारकोल, एवढ्यावर कितीतरी वाघिणी होतील. पूजेच्या दुकानातला गेरूही चालतो, पण तो फार शुद्ध लाल आहे, अंबर मिसळून मारावा लागतो.

आणि गंजाच्या रंगाबद्दल. नारिंगी गंज हा कालपरवाचा गंज. जुना गंज गडद असतो, चॉकलेटीच्या पुढे जाऊन थोडा जांभळट. म्हणून आधी गडद, मोठा डाग, आणि त्याच्या मध्यावर किंवा खालच्या कडेला अगदी थोडा नारिंगी. बहुतेक लोक उलटं करतात. शुद्ध काळा तर डब्यातून बाहेरच काढू नका. उन्हात उभ्या वाघिणीत तुम्हाला काळा कुठेच दिसणार नाही, तळाच्या सावलीतही करडा-तपकिरी असतो.

साडेपाच_फूट
लेख चांगला आहे, पण मूळ मुद्द्याला बगल दिलीय. भारतीय ब्रॉडगेजचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमी. भागिले ८७, उत्तर १९ मिमीच्या वर. तुमचे रूळ १६.५. म्हणजे तुमची मध्य रेल्वे युरोपच्या १४३५ वर धावतेय. गंजाचा बारकावा एवढा आणि गेजमध्ये पावणेतीन मिमीची चोरी!

वाघीणवाला
या, वाटच बघत होतो. 😀

चोरी आहेच. ३२०० मिमी रुंदीची बॉक्सएन एचओत ३७ मिमीची होते आणि तिच्याखाली १६.५ चे रूळ समोरून बघितल्यावर अरुंद वाटतात, खरं आहे. १९ मिमीचे रूळ, सांधे, चाकं सगळं हाताने करायची तयारी असेल तर जरूर करा, मी पहिला बघायला येईन. माझ्याकडे आयुष्य एकच आहे आणि मला ते वाघिणींवर घालवायचंय.

उद्यमनगरकर
गेजवर एक उपाय आहे. बोगीच्या (म्हणजे डबा नव्हे, वाघिणीखालच्या चाकांच्या गाड्याच्या) बाजूच्या चौकटी खऱ्या रुंदीवरच ठेवायच्या, १६.५ च्या चाकांना चिकटवून आत ओढायच्या नाहीत. मग अक्षाला आतल्या बाजूने वेगळा आधार द्यायचा आणि बाहेरची चौकट नुसती शोभेची. बाजूने बघणाऱ्याला फरक कळत नाही. प्रिंटच्या फाईलमध्येच हे करता येतं.

माझा धंदा मशीनिंगचा, म्हणून चाकांवर थोडं. व्हर्नियर सगळ्यांकडे असावा. दोन चाकांच्या आतल्या अंगातलं अंतर ओओला १४.५ मिमीच्या आसपास, एचओला त्याहून किंचित कमी. विकतची चाकंसुद्धा मोजून घ्या. सांध्यावर वाघीण उडी मारते, त्यातल्या निम्म्या वेळा रुळाचा दोष नसतो, हे अंतर हललेलं असतं.

बोगीच्या वाघिणीला एक बोगी फक्त डावी-उजवी फिरेल एवढा स्क्रू आवळायचा, दुसरी सैल, म्हणजे ती डुलूही शकेल. दोन्ही आवळल्या की वाघीण चार कोपऱ्यांवर उभी राहते आणि रूळ जरा वर-खाली झाला की एक चाक हवेत. दोन्ही सैल ठेवल्या तर दारू प्यायल्यासारखी झुलते. चार चाकांच्या छोट्या वाघिणीला हीच युक्ती म्हणजे एक अक्ष पक्का, दुसरा मध्यावर टेकवून डुलता.

वजन: एचओला अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेचा ठोकताळा आहे, एक औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. बॉक्सएनची खरी लांबी कपलरसकट (डबे जोडायच्या आकड्यांसकट) १०७१३ मिमी, एचओत १२३ मिमी, म्हणजे वजन साधारण ९७ ग्रॅम. रिकामी उघडी वाघीण असेल तर एवढं वजन लपवायचं कुठे हा प्रश्न येतोच. तळाच्या खाली, मधल्या कण्याच्या दोन्ही बाजूंना शिश्याच्या पट्ट्या. ओओच्या चारचाकीला अक्षामागे २५ ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅम पुरतं. तोलायला गुजरीत ओळखीचा सोनार असेल तर त्याचा काटा, नाहीतर स्वयंपाकघरातला डिजिटल.

नाद_खुळा
उद्यमनगरकर भाऊ, सायकलच्या दुकानातले छर्रे आत टाकून वरनं फेव्हिकॉल ओतला तर? सोपं पडंल.

उद्यमनगरकर
छर्रे लोखंडाचे. चुंबकाने सुटणारे कपलर वापरणार असशील तर रुळाखालचा चुंबक अख्खी वाघीणच धरून ठेवायला बघतो. हलक्या वाघिणीत तर ती आपोआप सरकते. कपलर साधे असतील तर छर्रे चालतील.

शिश्याचे बारीक छर्रे आणि फेव्हिकॉल हे मात्र बंद जागेत कधीच करू नकोस. शिसं आणि पांढरा गोंद यांची हळूहळू क्रिया होते, माल फुगतो आणि वर्षा-दोन वर्षांनी वाघिणीची भिंत फाकते. परदेशातल्या मॉडेलवाल्यांची जुनी टाक्यांची मॉडेलं यात फुटलेली आहेत. शिसं अरल्डाइटने चिकटव, हात धू, आणि घरातल्या लहान्यांच्या हाती लागू देऊ नकोस.

थेम्सकाठी
मूळचा शाहूपुरीचा, सध्या इंग्लंडात. वाघीणवाल्यांनी ब्रिटिश किटचा उल्लेख केलाय म्हणून लिहितो. तुमच्याकडे १६ टनी मिनरल वॅगन (कोळशाची उघडी वाघीण) असणार, एअरफिक्स कंपनीच्या जुन्या साच्यातली. ते साचे पुढे डापोल कंपनीकडे गेले आणि किट अजून मिळतं. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ९ फूट, म्हणजे ओओत बरोबर ३६ मिमी. हे मोजून बघा, साचा जुना असला तरी माप चोख आहे.

रंगवताना दोन गोष्टी. ज्या वाघिणींना व्हॅक्यूम ब्रेक नव्हता त्या करड्या, ज्यांना होता त्या बॉक्साइट नावाच्या तपकिरी रंगात. किटमध्ये व्हॅक्यूमचं सामान नसेल आणि तुम्ही तपकिरी मारलात तर इथले म्हातारे लगेच ओळखतात. दुसरं, बाजूवर तिरपा पांढरा पट्टा असतो तो शोभेचा नाही. टोकाचा दरवाजा कुठल्या बाजूला आहे ते यार्डातल्या माणसाला लांबून कळावं म्हणून. पट्टा ज्या टोकाकडे चढतो, दरवाजा तिकडे. उलटा लावला की वाघीण चुकीच्या बाजूने ओतली जाईल.

या वाघिणींना साधे तेलाचे बेअरिंग असत, म्हणून अक्षपेटीभोवती तेलकट काळे ओघळ दाखवायचे. चकचकीत वार्निशाचा एक थेंब पुरतो.

मिरज_जंक्शन
निवृत्त रेल्वे कर्मचारी. धागा वाचून बरं वाटलं, वाघिणींवर प्रेम करणारे लोक कमी.

थेम्सकाठींच्या तेलाच्या ओघळाला जोडून: बॉक्सएनच्या अक्षांना बंद रोलर बेअरिंग असतं. तिथे ओघळ दाखवू नका. बोगीवर जो थर दिसतो तो ब्रेक ब्लॉकच्या भुकटीचा, कोरडा, तपकिरी, सगळीकडे सारखा. चाकाचा जो पृष्ठभाग रुळावर चालतो तो कायम चकचकीत. तेवढा रंगवायचा नाही.

आता नंबर. आपल्याकडे वाघिणीवर अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे प्रकार: १० ते २९ उघड्या, ३० ते ३९ बंद, ४० ते ५४ टाक्या, आणि असंच पुढे. ८५ ते ८९ ब्रेकव्हॅन. तिसरा-चौथा मालक रेल्वे: ०१ मध्य, ०८ पश्चिम, ०९ दक्षिण मध्य, १५ दक्षिण पश्चिम. पाचवा-सहावा बांधणीचं वर्ष. मग चार आकडे त्या वाघिणीचे स्वतःचे आणि शेवटचा पडताळ्याचा.

पडताळा असा: सम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज गुणिले तीन, त्यात विषम स्थानांची बेरीज मिळवा, आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो अकरावा आकडा. मनाने एक घेऊ: १००१०९१२३४. सम स्थानं ०, १, ९, २, ४, बेरीज १६, तिप्पट ४८. विषम स्थानं १, ०, ०, १, ३, बेरीज ५. एकूण ५३. साठाला ७ कमी. म्हणून १००१०९१२३४७.

हे एवढं सांगायचं कारण, नंबरातच वय लिहिलेलं असतं. पाचवा-सहावा आकडा २२ आणि अंगावर तीस वर्षांचा गंज, असं मॉडेल मी बघितलंय. आधी नंबर ठरवा, मग गंज. दुसरं असं की पीओएचला (ठरावीक मुदतीने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीला) वर्कशॉपमध्ये गेलेली वाघीण रंगून बाहेर येते. म्हणजे जुन्या वर्षाची पण नुकती रंगवलेली, फुगलेल्या भिंतीवर ताजा रंग, अशीही दाखवता येते. रेकमध्ये, म्हणजे अख्ख्या मालगाडीत, सगळ्या सारख्याच कळकट नसतात. दहातली एखादी नवीकोरी ठेवा, बाकीच्या त्यामुळे उठून दिसतील.

बॉक्सएनएचएल करणार असाल तर तिचं अंग स्टेनलेस स्टीलचं. तिच्यावर धूळ टाका, कोळसा टाका. गंज नको.

वाघीणवाला
@मिरज_जंक्शन काका, दंडवत. पडताळ्याचा आकडा मी आजवर फोटोतून जसाच्या तसा उचलत होतो, आता मनाचे नंबर बिनधास्त टाकता येतील.

रंगांचं राहिलं होतं, ते लिहितो.

प्लॅस्टिकचे भाग आधी भांड्याच्या साबणाने धुवा, साच्याचं तेल राहिलेलं असतं. मग प्रायमर. हार्डवेअरमधला रेड ऑक्साइड डब्यातून ब्रशने मारू नका. तो कपाटासाठी बनलाय, त्याच्या थराखाली रिव्हेट गडप होतात. गाडी दुरुस्तीवाल्यांकडचा करडा सरफेसर स्प्रे बरा, पण त्यातलं थिनर जहाल असतं. लांबून, उडत्या हाताने, पातळ थर, आणि आधी किटच्या उरलेल्या चौकटीवर मारून बघायचं.

मूळ रंग: तामियाचा एक्सएफ-६४ लाल-तपकिरी घेऊन त्यात थोडा बफ, म्हणजे एक्सएफ-५७ मिसळतो. शुद्ध रंग छोट्या मॉडेलवर फार गडद दिसतो. मिसळताना प्रत्येक वाघिणीला प्रमाण थोडं वेगळं पडू द्या, मुद्दाम मोजू नका.

मग चकचकीत क्लिअर कोट, त्यावर अक्षरं. खडबडीत रंगावर डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील पातळ पट्टी) लावली की खाली हवा राहते आणि चंदेरी झळाळी येते. पांढरी अक्षरं घरच्या प्रिंटरवर निघत नाहीत, कारण प्रिंटरला पांढरी शाईच नसते. मी पांढऱ्या डिकल कागदावर तपकिरी पट्टी छापतो, अक्षरं कोरी सोडतो. पट्टीचा तपकिरी आणि वाघिणीचा तपकिरी कधीच जुळत नाही, पण कडेवर धुळीचा हात फिरला की शोधून सापडत नाही. शिवाय खऱ्या वाघिणीवरही नंबराभोवती वेगळ्या रंगाचा ठिगळ असतोच.

डिकलवर मॅट कोट. आणि मग तैलरंगाचा वॉश: कॅमलिनचा बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ. सगळीकडे सोडायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग सपाट ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा पुसून वरून खाली ओढायचा. फक्त वरून खाली. पाणी आडवं वाहत नाही. खाली ॲक्रिलिक आणि वर तैल हा क्रम पाळला की टर्पेंटाइन खालच्या रंगाला हात लावत नाही.

रंग उडालेल्या जागांना भांडी घासायच्या स्पंजचा चिमटीएवढा तुकडा, गडद रंगात टेकवून कागदावर निम्मा उतरवून मग कडेला. ब्रशने काढलेला ओरखडा ब्रशने काढलेलाच दिसतो.

शेवटी भुकटी, तीही मुख्यतः बोगीवर आणि तळाशी. अक्षाच्या टोकांत जाऊ देऊ नका.

रंगपेटी
तैलरंगाला एक पुरवणी. ट्यूबमधला रंग थेट टर्पेंटाइनमध्ये घालू नका. आधी साध्या पुठ्ठ्यावर थोडा काढून ठेवा. पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो, मग वॉश मॅट वाळतो आणि लवकर वाळतो. नाहीतर तेलकट चकाकी राहते आणि आठवडाभर बोटं उमटतात.

बंद वाघिणी कोण करतंय का? बीसीएन? मला त्यांच्या दरवाजांत रस आहे. फलाटावर उभं राहून बघितलं तर एकेका दरवाजावर पूर्ण चित्र असतं: खडूचे आकडे, पुसलेले खडू, चिकटवलेल्या कागदाचे उरलेले कोपरे.

वाघीणवाला
बीसीएन पुढची. मालधक्क्यावर खत उतरतं तेव्हा दरवाजाखाली पांढरट ओघळ पडतात, आणि खत लोखंडाला खातं, म्हणून त्याच ओघळाच्या कडेने गंज. सिमेंटच्या वाघिणीचं वेगळं. छपरावर करडा थर, पहिल्या पावसात भिजून घट्ट झालेला, दाराच्या वरून खाली ओघळलेला. तो भुकटीने नाही होत, करडा ॲक्रिलिक पाण्यात पातळ करून थेंब सोडावे लागतात.

नाद_खुळा
एक अडचण. मॅट वार्निशचा स्प्रे मारलो आणि सगळी वाघीण पांढरीफटक पडली. धुरकट. काय करू, टाकून देऊ व्हय?

उद्यमनगरकर
कधी मारलास? जुलैत ना? बाहेर रंकाळा भरून वाहतोय आणि तू गॅलरीत स्प्रे मारतोयस. वार्निशातलं थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ तिथे जमते आणि थरात अडकते. टाकू नकोस. कोरड्या दिवशी वरून पातळ चकचकीत कोट मार, बहुतेकदा पांढरेपणा जातो, मग पुन्हा मॅट. आणि कोल्हापुरात जून ते सप्टेंबर स्प्रे कपाटात. पावसाळा जोडणीचा, दिवाळीनंतर रंग.

साडेपाच_फूट
@मिरज_जंक्शन, मिरजेला तिन्ही गेज होते ना? त्यावर लिहा की.

मिरज_जंक्शन
होते. कोल्हापूर-मिरज मार्ग १८९१ चा, मीटरगेज. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिमीची नॅरोगेज १९२७ ला मिरजेपर्यंत आली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉडगेज झालं आणि मग एकाच जंक्शनात तिन्ही नांदले. मालाची अदलाबदल हे मोठं काम. कोल्हापूरचे गुळाचे रवे काय किंवा कापूस काय, एका वाघिणीतून उतरवून शेजारच्या गेजच्या वाघिणीत चढवायचा, हमालांच्या डोक्यावरून. दोन गेजचे रूळ फलाटाच्या दोन अंगांना.

आणि तुमच्या कामाची गोष्ट. एचओत १००० मिमीचे होतात साडेअकरा, त्याला १२ मिमीचे रूळ तयार मिळतात. ७६२ चे होतात पावणेनऊ, त्याला एन स्केलचे ९ मिमीचे रूळ. मिरजेचे दोन गेज जवळपास अचूक बसतात. चुकतं ते तुमचं लाडकं ब्रॉडगेजच.

साडेपाच_फूट
हे फार लागलं.

रंगपेटी
😂 +१

वाघीणवाला
काका, मालाच्या अदलाबदलीचा तो धक्का मॉडेलमध्ये करण्यासारखा आहे. दोन फूट बाय एक फुटाच्या फळीवर बसेल. एका अंगाला मीटरगेजची बंद वाघीण, दुसऱ्या अंगाला ब्रॉडगेजची, मध्ये गुळाचे रवे. इंजिन नसलं तरी चालेल. मीटरगेजच्या वाघिणीचे मापासकट फोटो कोणाच्या घरी असतील तर इथे टाका. शक्यतो बाजूचा सरळ फोटो, दरवाजा आणि बोगी दिसेल असा.

नाद_खुळा
काका, मला आधी बॉक्सएन करायचीय. हत्यारं काय काय घ्यावी? बजेट लई नाही.

वाघीणवाला
मेडिकलमधून सर्जिकल ब्लेडची तीन नंबरची मूठ आणि अकरा नंबरची पाती. गुजरीतून बारीक कानशींचा संच आणि टोकदार चिमटा, सोनारी हत्यारं हॉबीच्या दुकानापेक्षा चांगली आणि स्वस्त. हाताने फिरवायचं ड्रिल आणि अर्ध्या मिमीपासूनची बिटं उद्यमनगरात. ०.३ मिमीची पितळी तार वाघिणीवर हात धरायच्या कड्यांना. गिटारची तार कोणी सुचवली तर घेऊ नकोस, पोलादी असते, कटरची धार जाते. काच आणि गुण्या माझ्याकडे जास्तीचे आहेत, घेऊन जा. एक प्रिंटही देतो, पण ते आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) धुऊन, उन्हात किंवा यूव्ही दिव्याखाली पक्कं केलेलं आहे का ते बघून घे. चिकट लागलं तर उघड्या हाताने धरू नकोस. घासताना पाण्यात घास आणि मास्क लाव.

साडेपाच_फूट
बॉक्सएनच्या प्रिंटची ती फाईल १:१०० ला छापता येईल का? त्या मापात १६.५ म्हणजे १६५० मिमी होतात. २६ मिमीचा फरक मी सहन करीन.

उद्यमनगरकर
येईल. ८७ टक्क्यांवर आणायची. पण नुसतं दाबून छापू नका. भिंत १ मिमीची असेल तर ०.८७ होईल आणि उन्हात कमान धरेल, ती वेगळी जाड करावी लागेल. अक्षाची लांबी आणि चाकांची जागा कमी करायची नाही, रूळ तेच आहेत. चाकं मात्र १० मिमी व्यासाची हवीत, खरी १००० मिमीची असतात. इंजिन १:१०० चं कुठून आणणार ते तुम्ही बघा. फाईल पाठवा, रविवारी बसून दुरुस्त करतो.